सीडी एकदाच उतरवा, प्लेअर कधीही बदला

'घरात दोन-तीनशे सीडी आहेत. सीडी-प्लेअर बंद पडलाय आणि दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाहीत. आता नवा प्लेअर घ्यायचा, की सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं? आणि उतरवलं तर आवाज उतरतो का?'

हा प्रश्न पुण्यात विचारतात, नाशकात विचारतात. पण एन्नोरमध्ये तो जरा घाईचा होतो. चेन्नईच्या उत्तर टोकाचं हे गाव. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला कोसस्थलैयार नदीची खाडी. पलीकडे कामराजर बंदर, औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी आणि अशोक लेलँडचा कारखाना. नोकरीनिमित्त इथे आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच वर्षी कळतं की खिडकीचे गज गंजतात, कुलपं अडकतात आणि टेबल सकाळी पुसलं तरी संध्याकाळी त्यावर बोट फिरवलं की राखाडी रेघ उमटते. खारा वारा आणि बारीक धूळ अशा हवेत सीडी-प्लेअरची नाजूक भिंग आणि ते सरकवणारी यंत्रणा सगळ्यांत आधी कुरकुरू लागतात.

या प्रकरणाचं सार आधीच सांगून टाकतो. सीडीतला मजकूर अचूक उतरवून घेणं हे एकदाच करायचं काम आहे आणि सगळी काळजी तिथे घ्यायची. प्लेअर ही दर पाच-सात वर्षांनी बदलणारी वस्तू आहे. तिच्यापायी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. प्लेअर निवडण्यात सहा महिने घालवतात आणि सीडी एका रविवारी घाईघाईत उरकतात.

१. चकतीवर आकडे असतात

फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून तयार केलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्यावर आवाजाची लाट कोरलेली नसते, त्या लाटेची मोजमापं लिहिलेली असतात. गायकाचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा आणि प्रत्येक वेळी ० ते ६५,५३५ या पट्टीवरचा एक आकडा नोंदवायचा, एवढीच ती पद्धत. डाव्या स्पीकरसाठी एक रांग, उजव्यासाठी दुसरी.

४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला? माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गणित असं सांगतं की जितकी कंपनं पकडायची, त्याच्या दुपटीहून थोडं अधिक वेळा मोजावं लागतं. म्हणजे ४०,००० च्या वर काहीतरी हवं होतं. त्या काळात एवढे आकडे साठवायला सोयीचं यंत्र म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. चित्राच्या एका ओळीत ३ आकडे, वापरण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० वेळा: ३ × २४५ × ६० = ४४,१००. सीडीचा मूळ आकडा असा टीव्हीच्या पडद्यावरून आला.

आता हिशेब करू. प्रत्येक आकड्याला २ बाइट जागा लागते आणि रांगा दोन. म्हणून ४४,१०० × २ × २ = सेकंदाला १,७६,४०० बाइट. तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट. हे सगळं आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सर्पिल रेघेवर सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात असतं. रेघेच्या दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रोमीटर, आणि ७४ मिनिटांच्या सीडीवरची ती रेघ उलगडली तर पाच किलोमीटरच्या पुढे जाते.

'आवाज उतरतो का' याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. कॅसेटवरून कॅसेट केली की खरखर वाढायची, कारण तिथे लाटेची नक्कल व्हायची. आकड्यांची नक्कल मात्र एकतर जशीच्या तशी असते किंवा चुकलेली असते. ती जशीच्या तशी झाली का, एवढंच तपासायचं राहतं.

२. ओरखडा पडूनही गाणं का थांबत नाही?

समजा मला तुम्हाला ४, ७ आणि २ हे आकडे कळवायचे आहेत. मी सोबत त्यांची बेरीजही पाठवतो: १३. वाटेत मधला आकडा पुसला गेला, तरी तुम्ही १३ मधून ४ आणि २ वजा करून ७ काढू शकता. सीडीवर याच जातीची, पण बरीच हुशार व्यवस्था असते. शिवाय शेजारचे आकडे शेजारी न लिहिता दूर-दूर पांगवून लिहिलेले असतात. त्यामुळे एका ओरखड्याने सलग आकडे एकदम जात नाहीत. इथला एक, तिथला एक असे जातात आणि बेरजांवरून परत मिळतात. रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग तुकडा नष्ट झाला, तरी ही व्यवस्था मूळ आकडे पूर्णपणे परत देऊ शकते.

ओरखडा त्याहून मोठा असेल तर सीडी-प्लेअर अंदाज करतो. मागचा आकडा ४०, पुढचा ४४, मधला वाचता येत नाही. मग ४२ धरून पुढे जातो. ऐकताना ते कळतही नाही आणि प्लेअरही काही बोलत नाही. ऐकण्यापुरतं हे ठीक आहे. पण कायमची प्रत करताना असा अंदाज घुसला, तर तो त्या प्रतीत कायमचा राहतो.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरच्या फाईली असलेली सीडी आणि गाण्यांची सीडी या आतून वेगळ्या असतात. दोन्हींवर माहिती सेकंदाला ७५ कप्प्यांत भरलेली असते आणि प्रत्येक कप्पा २,३५२ बाइटचा. फाईलींच्या सीडीत त्यातले २,०४८ बाइट मजकुराला आणि उरलेले कप्प्याची ओळख व जादा चूक-दुरुस्ती यांना ठेवतात. गाण्यांच्या सीडीत सगळेच्या सगळे २,३५२ गाण्यालाच दिलेले असतात (७५ × २,३५२ = १,७६,४००; वर काढलेला आकडा तोच). म्हणून फाईल कॉपी करताना चूक झाली तर कॉम्प्युटर ठणकावून सांगतो. गाणं उतरवताना मात्र गप्प बसण्याचा धोका असतो. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

३. उतरवायचं कसं?

आजच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते. यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी-रायटर घ्यावा लागतो. एन्नोरहून लोकल पकडून सेंट्रलला उतरलं की अण्णा सलैजवळची रिची स्ट्रीट गाठता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या मालासाठी चेन्नई तिथेच जाते. नामांकित कंपनीचा साधा ड्राइव्ह पुरतो. महागाचा घेतल्याने आकडे काही अधिक चांगले होत नाहीत.

सॉफ्टवेअर नीट निवडायचं. विंडोजवर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' फुकट मिळतं, 'डीबीपॉवरअँप' पैसे देऊन, मॅकवर 'एक्सएलडी', लिनक्सवर 'व्हिपर'. ही सगळी संशयी स्वभावाची आहेत. शंका आली की तोच भाग पुन्हा पुन्हा वाचतात आणि तरीही जमलं नाही तर 'अमुक मिनिटाला गडबड आहे' असं लिहून देतात. त्यातलं 'सिक्युअर' हे सेटिंग चालू ठेवायचं.

यांच्या जोडीला 'अ‍ॅक्युरेटरिप' नावाची सोय आहे. तुम्ही उतरवलेल्या प्रत्येक ट्रॅकच्या आकड्यांवरून एक छोटा पडताळा-आकडा निघतो आणि तीच सीडी जगात इतरांनी उतरवली असेल तर त्यांच्या आकड्याशी ताडला जातो. जुळला, तर अनोळखी लोकांच्या वेगवेगळ्या ड्राइव्हवर तीच चूक होणं अशक्यप्राय. प्रत अचूक आहे.

आपल्याकडची अडचण अशी की एखाद्या गाजलेल्या इंग्रजी रॉक अल्बमचा मेळ चटकन लागतो, पण चेन्नईतल्या 'चारसूर'सारख्या कंपनीने काढलेल्या कर्नाटक संगीताच्या सीडीला 'नोंद नाही' असं उत्तर येऊ शकतं. घाबरायचं नाही. नोंद नसणं म्हणजे चूक असणं नव्हे. अशा वेळी तीच सीडी दोनदा वाचायची. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीत त्यासाठी 'टेस्ट अँड कॉपी' असं बटणच आहे. दोन्ही वेळचे पडताळा-आकडे एकच आले की काम फत्ते.

साफसफाईचा नियम सोपा आहे: मऊ, कोरडं, सुती कापड घ्यायचं आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल-गोल नाही. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो रेघेच्या दिशेनेच जातो आणि सलग आकडे खातो. आडवा ओरखडा रेघेला फक्त छेदून जातो.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू टेबलावर घासतो. खरं तर चकचकीत बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक ढालीसारखं असतं. आरशासारखा धातूचा थर छापील बाजूला, लॅकरच्या अगदी पातळ लेपाखाली असतो. तिथला ओरखडा थेट मजकूर खरवडतो. लॅकर कमकुवत असेल तर हवाही आत शिरते. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या बऱ्याच सीडी पुढे तपकिरी पडून निकामी झाल्या, त्या अशाच कारणाने. एन्नोरच्या दमट घरात सीडी उजेडाकडे धरून छापील बाजूने पाहावी. टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती आधी उतरवायला घ्यावी.

त्याहूनही आधी घ्यायच्या त्या घरी लिहिलेल्या सीडी: कुणी भरून दिलेली खाजगी मैफल, मुंज-लग्नातलं ध्वनिमुद्रण, आजोबांच्या भजनाची कॅसेट एके काळी सीडीवर घेतलेली. कारखान्यातल्या सीडीत खड्डे दाबून उठवलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाच्या थरावर डाग पाडलेले असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो रंग विटतो. भीमसेन जोशींची सीडी बाजारात पुन्हा मिळेल, आजोबांची मिळणार नाही.

४. फ्लॅक की एमपी३?

उतरवलेले आकडे तसेच ठेवले तर जागा फार जाते. ती वाचवायच्या दोन पद्धती. प्रवासाला निघताना अंथरुणाची वळकटी करून पट्ट्याने आवळली, तर ते अर्ध्या जागेत मावतं आणि मुक्कामी उलगडलं की चादर, उशी, सगळं जिथल्या तिथे असतं. ही झाली फ्लॅक. एमपी३ म्हणजे 'कडेचा भाग कुणाच्या अंगाखाली येत नाही' म्हणून चादर कापून टाकणं. झोप लागेलही, पण कापलेला तुकडा परत शिवता येत नाही.

फ्लॅक २००१ मध्ये आली, कुणाच्याही मालकीची नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मानकांमध्ये तिची अधिकृत नोंद झाली. अ‍ॅपलची 'एएलएसी' हीही तशीच वळकटी. घरात सगळं अ‍ॅपलचंच असेल तर ती चालेल. दोन्हींत पुढेमागे अदलाबदल केली तरी आकडा हलत नाही.

जागेचा हिशेब: एका सीडीची फ्लॅक साधारण ३५० मेगाबाइट धरू. ३०० सीडी म्हणजे १०५ गिगाबाइट. आज २५६ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डावर अख्खं कपाट बसतं आणि वर निम्म्याहून अधिक जागा उरते. जागा वाचवण्यासाठी एमपी३ करायचे दिवस गेले. गाडीत ऐकायला हवी तर फ्लॅकवरून एमपी३ हवी तेव्हा काढता येते; उलट प्रवास नाही.

५. नावं घालणं: खरी मेहनत इथे

सीडी उतरवताना सॉफ्टवेअर 'म्युझिकब्रेन्झ'सारख्या इंटरनेटवरच्या सूचीतून गाण्यांची नावं आणतं. या नोंदींना टॅग म्हणतात. पाश्चात्त्य पॉप गाण्याला गायक, अल्बम आणि गाण्याचं नाव एवढं पुरतं. आपल्याला ते पुरत नाही. त्यागराजांचंच नाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलेलं येतं आणि प्लेअर त्यांना चार वेगळे रचनाकार समजतो.

एन्नोरच्या दारातलंच उदाहरण घेऊ. दक्षिणेला लागून असलेल्या तिरुवोट्रियूरच्या त्रिपुरसुंदरीवर त्यागराजांनी पाच कृती रचल्या. त्यातली एक कल्याणी रागात, एक शुद्ध सावेरीत. सीडीवरच्या अशा कृतीला असे टॅग द्यावेत: रचनाकार – त्यागराज, गायिका – वेष्टनावर असेल ती, राग – कल्याणी, ताल – आदि, साथ – व्हायोलिन आणि मृदंगम वाजवणाऱ्यांची नावं. मराठी श्रोत्याला 'हा तर आपला यमन' असं वाटेल आणि ते स्वरांपुरतं बरोबरही आहे; तसंच शुद्ध सावेरी ऐकताना दुर्गा आठवेल. पण रागाच्या रकान्यात वेष्टनावरचं नावच ठेवावं. 'यमनशी जवळीक' ही नोंद शेऱ्याच्या रकान्यात करावी. म्हणजे एखाद्या संध्याकाळी किशोरीताई आमोणकरांचा यमन आणि ही कल्याणी पाठोपाठ लावून ऐकता येते.

अभंगांचंही तेच. तंजावरच्या मराठी राजवटीपासून तमिळ मुलखातल्या भजनपरंपरेत मराठी अभंग रुजले आणि अरुणा साईराम यांच्यासारख्या गायिकांनी ते कर्नाटक मैफलीच्या व्यासपीठावर लोकप्रिय केले. तिथे रचनाकार म्हणून तुकाराम किंवा नामदेव लिहिलंत, तर भीमसेनजींचे अभंग आणि चेन्नईतले अभंग एकाच यादीत समोर येतील. फ्लॅकमध्ये राग, ताल असे स्वतःचे रकाने घालता येतात; रकान्याचं नाव रोमन लिपीत द्यावं लागतं, आतला मजकूर देवनागरीत चालतो. 'एमपी३टॅग' या नावाचं, विंडोजवर फुकट मिळणारं साधन फ्लॅकसाठीही चालतं.

नाव लिहिण्याची पद्धत पहिल्याच दिवशी कागदावर ठरवा आणि मोडू नका. 'पं. भीमसेन जोशी' की 'भीमसेन जोशी', यातलं कोणतंही चालेल. दोन्ही चालणार नाहीत.

६. प्लेअर निवडताना काय पाहायचं?

घरातल्या डिजिटल प्लेअरची कामं तीन: फाईली साठवणं, त्यातली हवी ती काढून वाजवणं, आणि आकड्यांची पुन्हा विजेची लाट करून अँप्लिफायरला देणं. तिसरं काम करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तिन्ही एकाच पेटीत असू शकतात किंवा वेगवेगळे.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुना लॅपटॉप आणि यूएसबीचा बाहेरचा डॅक. दुसरा, विम किंवा ब्लूसाउंडसारखा तयार स्ट्रीमर. तो फोनवरून चालतो, घरातल्या डिस्कवरच्या फाईली वाजवतो आणि जुन्याच अँप्लिफायरला जोडता येतो. तिसरा, थोडी हौस असेल तर, रास्पबेरी पाय: २०१२ पासून मिळणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर. त्याला डॅक जोडून वोल्युमिओ किंवा पायकोअरप्लेअर हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं की उत्तम प्लेअर तयार. वीज वारंवार जाणाऱ्या घरात पायकोअरप्लेअर बरा, कारण सुरू झाल्यावर तो स्मृतीत राहून चालतो. अचानक वीज गेली तरी कार्ड बिघडण्याची भीती कमी.

दुकानदार तुम्हाला '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' ऐकवेल. सीडीचे १६ बिट म्हणजे सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल (दर बिटला जवळपास ६). पंखा फिरतोय, खाली ट्रेलर जाताहेत अशा खोलीत तेवढंही पुरतं वापरलं जात नाही. आणि सीडी उतरवलेली असेल तर फाईल १६ बिटचीच असणार; प्लेअरच्या डब्यावर आकडा वाढल्याने तिच्यात भर पडत नाही.

त्यापेक्षा पुढचे प्रश्न विचारा. दोन ट्रॅकच्या मध्ये फट न पडता वाजतं का? रागम-तानम-पल्लवी किंवा आलाप-जोड-झाला यांचे ट्रॅक वेगळे असले तरी संगीत अखंड असतं. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे गायकाचा गळा आवळणं. देवनागरी आणि तमिळ नावं पडद्यावर नीट दिसतात का? राग किंवा रचनाकार यांवरून शोधता येतं का? इंटरनेट नसताना चालतो का? आणि ब्लूटूथवर किती भिस्त आहे? ब्लूटूथ बहुधा वाटेत पुन्हा चादर कापतं. घरच्या मुख्य सिस्टिमला वायर किंवा वाय-फाय बरं.

दुकानात परीक्षा घ्यायची तर व्हायोलिन लावा. या वाद्याचं कर्नाटक संगीतात येणंही या परिसराशी जोडलेलं आहे. रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बाळुस्वामी मद्रासमध्ये युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले, तेव्हा या कुटुंबाला आश्रय होता तो मणलीच्या मुदलियारांचा, आणि मणली एन्नोरच्या शेजारीच आहे. गज तारेवरून उलटताना होणारी बारीक खरखर ऐकू यायला हवी, पण टोचायला नको. ती टोचत असेल तर दोष बहुधा प्लेअरचा नसून स्पीकरचा किंवा खोलीचा असतो. वाचलेले पैसे म्हणूनच स्पीकरवर घालावेत.

प्लेअर किती टिकतात, ते पाहा. लॉजिटेकने आपले लाडके स्क्वीझबॉक्स २०१२ मध्ये बंद केले, गूगलने क्रोमकास्ट ऑडिओ २०१९ मध्ये, अ‍ॅपलने शेवटचा आयपॉड २०२२ मध्ये. ज्यांच्याकडे नीट टॅग केलेल्या फ्लॅक होत्या त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. स्क्वीझबॉक्सचा सर्व्हर तर हौशी मंडळींनी 'लिरियन' या नावाने आजही चालू ठेवला आहे.

७. दुसरी प्रत आणि पहिला आठवडा

डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ चं मिचाँग वादळ यांनी चेन्नईकरांना शिकवलं की घरातल्या वस्तू एकदम जातात. मिचाँगच्या वेळी एन्नोरच्या खाडीत पुराच्या पाण्यासोबत तेलाचा तवंगही आला. खालच्या कपाटातल्या सीडी आणि त्याच कपाटातली हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडतात. म्हणून एक प्रत प्लेअरला जोडलेली, दुसरी घरातच पण वरच्या फळीवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी: पुण्याला भावाकडे किंवा क्लाउडवर.

मूळ सीडी मात्र टाकू किंवा विकू नका. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं ५२ वं कलम खाजगी वापरासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं. प्रती वाटायला देत नाही. विकत घेतलेली चकती ही तुमच्या हक्काची पावती आहे.

सुरुवात सगळ्या कपाटापासून करू नका. पहिल्या आठवड्यात घरी लिहिलेल्या सीडी आणि ठिपके पडलेल्या सीडी घ्या. त्यांची प्रत करून लगेच दुसऱ्या गावी पाठवा. मग रोज जेवणं झाल्यावर दोन, या हिशेबाने तीनशे सीडी पाच महिन्यांत संपतात. टॅग त्याच बैठकीत पुरे करायचे, 'नंतर बघू' म्हणून ठेवायचे नाहीत. नंतर कोणी बघत नाही. एवढं होईपर्यंत प्लेअर घेऊच नका. लॅपटॉपला हेडफोन लावून ऐका. पाच महिन्यांत तुम्ही राग पाहून गाणी लावता की गायक पाहून, फोनवरून लावता की टीव्हीवरून, हे तुमचं तुम्हालाच कळेल आणि दुकानात गेल्यावर नेमकं काय मागायचं ते ठाऊक असेल.